वरच्या तीन ओळी

हात माझ्या आधी तिथे पोचला. मी फक्त पुस्तकं कागदात गुंडाळत होते, मेथीच्या जुड्या बांधाव्यात तितक्या निर्विकारपणे. सहा-सहाचा गठ्ठा, वर दोरी. आणि डोक्यात आज बाबांना भाकरी करायची की कालचा भात फोडणीला टाकायचा, हा त्या दिवसाचा सर्वांत गहन प्रश्न चालू होता. एवढ्यात माझ्या डाव्या हातानं एका कादंबरीची न कापलेली पानं खालच्या बाजूनं धरली, अंगठ्यानं हलकेच आत दाबली, पान पोटासारखं फुगलं, आणि मान आपोआप तिरकी होऊन त्या फुगलेल्या पोटात डोकावली. चाळीस वर्षांत ही मान अशी तिरकी झाली नव्हती. सायकल विसरत नाही म्हणतात; मला सायकल येत नाही, पण हे येतं. आत, जिथे दीडशे वर्षं कोणाची नजर गेलेली नाही असं आम्हाला लेखी सांगण्यात आलं होतं, तिथे गंजाची एक तपकिरी खूण होती. दोन टांगांची, वर जोडलेली. केसांत खोचायच्या आकड्याची. मी पुस्तक मिटलं. खुर्चीवर बसले. मग पुन्हा उभी राहिले, कारण बसून काही होईना. पायाच्या पोटऱ्यांत मुंग्या, कानशिलं गरम. बावन्नाव्या वर्षी अशी लक्षणं दिसली की बाई डॉक्टरकडे जाते. मी दुसरं पुस्तक उचललं.

हे जिथे घडलं ते ब्रान्डेस-हाउस जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराच्या कडेला, ट्राम वळसा घेऊन परत फिरते तिथे आहे. घर-संग्रहालय म्हणायचं. कोणी एके काळी इथे राहत होतं, आता तिथे तिकीट आहे. राहत होती ती हॅरिएट ब्रान्डेस, मूळची इंग्लंडातली. कोणा बड्या घरी मुलांना शिकवायला आली आणि डबाबंद शतावरीचा कारखाना असलेल्या ब्रान्डेस नावाच्या जर्मनाशी लग्न करून राहिली. इंग्लंडची राणी तिकडे विधवेचे काळे कपडे घालून राज्य करत होती त्या काळात इकडे हॅरिएटबाई शहरातल्या बायकांची सभा भरवून कादंबरीविरुद्ध भाषणं देत होत्या. कादंबरी वाचणाऱ्या बाईचं दूध उतू जातं, मूल पाळण्यातून पडतं आणि नवरा शेवटी जेवायला बाहेर जातो, असा साधारण क्रम होता. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं वाक्य आमच्या दर्शनी भिंतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत आहे: "माझ्या दिवाणखान्यात चाळीस कादंबऱ्या आहेत, आणि माझ्या सुरीनं त्यांतल्या एकाही पानाला स्पर्श केलेला नाही." त्या कादंबऱ्या नवऱ्याचा लाइपझिगमधला दलाल दर नाताळात भेट म्हणून पाठवायचा. तिथेच छापलेल्या, इंग्रजी, साध्या कागदी वेष्टनाच्या. तेव्हाची पुस्तकं कारखान्यातून घड्या न कापता येत. मोठा कागद दुमडून शिवलेला असे, पानं वरून जोडलेली, काही बाजूनंही. वाचायचं तर आधी हस्तिदंती सुरीनं कापायचं. बाईंनी ती कापली नाहीत. मोह समोर मांडून ठेवायचा आणि रोज त्याच्यावर विजय मिळवायचा; आल्या-गेल्याला चहाबरोबर तो विजय दाखवायचा. आमच्या संचालिका फ्राउ डॉक्टर श्टाइनहोफ यांनी या विजयावर नऊ वर्षं घालवून प्रबंध लिहिला. त्याच प्रबंधाच्या आधारे आता असं ठरलं होतं की ज्या कादंबऱ्या बाईंनी वाचल्याच नाहीत त्यांचा बाईंशी काही संबंध नाही, आणि कपाटाची जागा नव्या प्रदर्शनासाठी हवी आहे. शुक्रवारी दुपारी जुन्या पुस्तकांचा व्यापारी येऊन चाळीसही घेऊन जाणार. त्या बांधून ठेवायचं काम माझ्याकडे, कारण मी इथली अर्धवेळ मदतनीस, नागपूरची इंग्रजीची एम.ए., आणि दोरीची गाठ चांगली मारते. आज गुरुवार होता.

दुसऱ्या पुस्तकात खूण होती. तिसऱ्यातही. चौथं हातात आलं ते चाळिसांतलं नव्हतं, शेजारच्या फळीवरचं प्रवचनांचं होतं, नियमाप्रमाणे हस्तिदंती सुरीनं कापलेलं. पहिली सोळा पानं, सुबक, सरळ. पुढे काहीच नाही, ना सुरी, ना आकडा, ना कुठे बोटाचा डाग. तिथे बाईंनी विजय मिळवण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. मी फिदीफिदी हसले आणि पलीकडच्या खोलीत काचेच्या कपाटाशेजारी खुर्चीवर बसलेल्या बाबांनी मान वर केली. बाबा म्हणजे यादवराव, वय चौऱ्याऐंशी, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. घरी एकटे बसायला तयार नाहीत म्हणून माझ्याबरोबर संग्रहालयात येतात, आणि तीन आठवड्यांत इथल्या प्रत्येक खुर्चीवर बसून त्यातली एक मुक्रर करून ठेवली आहे. "काय करून राहिली गं तू?" "काही नाही बाबा, पुस्तकं बांधते." "मान आखडली का तुही?" माझी मान तेव्हा तिरकी होती, नाक कादंबरीत. "थोडी." "हं," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले. बाबांच्या 'हं'मध्ये काय काय असतं ते मला बावन्न वर्षांत कळलेलं नाही, तेव्हा त्या क्षणीही कळलं नाही.

ही तिरकी मान मी शिकले होते ती त्यांच्याच वाचनालयात. आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून पत्र्याची एक खोली होती. बाबा आठवडाभर तार ऑफिसात कारकुनी करत आणि रविवारी ते वाचनालय चालवत. नवीन पुस्तकं आली की सतरंजीवर बसून लाकडी फुटपट्टीनं पानं कापत. एका बाजूला इतिहास, एका बाजूला कायदा, विज्ञान, चरित्रं. कापलेल्या पानांचा बारीक कीस धोतरावर पडायचा आणि पोरं तो फुंकायची. कादंबरी मात्र नाही. समितीचा ठरावच होता तसा, पण समिती म्हणजे बाबा. "ज्याच्या आज्याले शाळेच्या दारात उभं राहू दिलं नाही," ते म्हणायचे, "त्यानं आधी खरं ते वाचावं. खोट्यासाठी बाकीची दुनिया बसली आहे." याच्यावर बोलायला जागा नव्हती, अजूनही नाही. अशात धरमपेठेतल्या एका प्राध्यापकाच्या विधवेनं नवऱ्याच्या पुस्तकांची पेटी विहाराला दान दिली. उघडली तर वरपासून खालपर्यंत कादंबऱ्या, प्राध्यापकांनीही न कापलेल्या. दान परत करायचं नसतं, म्हणून बाबांनी ती ठेवून घेतली आणि त्यांच्या पद्धतीनं निकाल लावला: पानं कापली नाहीत. न कापलेलं पुस्तक म्हणजे न आलेलं पुस्तक. पेटी उघडीच असायची, कुलूप नव्हतं, कारण कापल्याशिवाय कोण वाचणार. मी तेव्हा बारा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात मला समजलं की पान खालून दाबलं की ते फुगतं, मान वाकडी केली की आतलं दिसतं, आणि आईच्या अंबाड्यातला आकडा आत सारून त्याच्या टांगा फाकवल्या की दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातानं चिंच खाता येते. फक्त घडीच्या टोकाशी कागद चिकटलेलाच राहतो. वरच्या तीन ओळी कितीही मान मोडली तरी दिसत नाहीत. अख्खी पेटी मी अशी वाचली, दर घडीला वरच्या तीन ओळी गाळून. पुढे एम.ए.ला आम्हाला शिकवलं की लेखक काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडतो आणि वाचक त्या भरतो. वर्गात सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. मी आजवर साधारण एक दशांश मराठी कादंबरी स्वतः लिहिलेली आहे.

तर आता माझ्यासमोर दुसरी एक बाई बसली होती. बसली होती असंच वाटत होतं. तिचा आकडा माझ्यासारखाच खालून आत गेलेला, तेवढ्याच उंचीवर थांबलेला, टांगा तेवढ्याच फाकलेल्या. म्हणजे तिलाही वरच्या तीन ओळी दिसल्या नव्हत्या. दिवाणखान्यात, चहाचं भांडं थंड होत असताना, दाराकडे एक कान ठेवून, रेशमी झग्यातली ही शतावरीची मालकीण मान मोडून बसायची, आणि पायऱ्या वाजल्या की आकडा उपसून केसांत खोचायची. पुस्तक जागेवर, पानं जोडलेली, चेहरा प्रवचनाला साजेसा. दीडशे वर्षं सगळ्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि भिंतीवरचं ते वाक्य अक्षरशः खरं होतं. सुरीनं स्पर्श केलाच नव्हता. मला त्या वाक्याबद्दल तिच्या पाया पडावंसं वाटलं. पुस्तकांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं की ही प्रत इंग्लंडात किंवा त्याच्या वसाहतींत नेण्यास मनाई आहे. बरोबर आहे. प्रत हलली नाही. वसाहतच ट्रामचा पास काढून इथवर आली.

दुपारभर मी चाळीसही उघडली, म्हणजे फुगवली. फ्राउ श्टाइनहोफ महापालिकेत बैठकीला गेल्या होत्या. पाहुणे दोनच आले, तेही शौचालय विचारायला. जसजशी मी पुढे गेले तसतशी ही बाई बोलायला लागली, म्हणजे गंज बोलायला लागला. खूण जिथे गडद, तिथे आकडा जास्त वेळ आत राहिलेला. प्रत्येक कादंबरीत सगळ्यांत गडद खूण शेवटच्या घडीत होती. पहिल्यांदा मला वाटलं शेवट तिला फार आवडायचे. मग कळलं की ती शेवट आधी वाचायची, आणि मग तो पुरवून पुरवून. यावरून मला आयुष्यभर बोलणी खावी लागली आहेत, माहेरी, कॉलेजात आणि नवऱ्याकडून, उज्ज्वलकडून. दीडशे वर्षांपूर्वी एक माझ्या बाजूची निघाली. पावसाची आणि डोंगराची वर्णनं कोरी. लेखक मधेच उठून वाचकाला उपदेश करतो ती प्रकरणं कोरी, अगदी न चुकता कोरी. स्वतः व्यासपीठावरून तेच करणाऱ्या बाईची ही पसंती मला अतिशय प्रामाणिक वाटली. गुणी नायिका आजारी पडून सात पानांत मरते तिथे फिकट, कर्तव्य म्हणून. नायक-नायिकेचं लग्न होईपर्यंत खुणाच खुणा, लग्नानंतर कादंबरी दीडशे पानं चालू राहिली तरी तिथे एकही नाही. मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांत हे ताडून पाहिलं. लग्नानंतर काय होतं हे तिला वाचायची गरज नव्हती. ती तिथेच राहत होती. आणि एका कादंबरीत, जिच्यात एक नवरा असलेली बाई घोडागाडीत बसून निघून जाते, तिथे एकाच घडीत चार खुणा होत्या, थोड्या थोड्या अंतरानं, जुन्या-नव्या. चार वेळा. त्या पानाशी मी बराच वेळ थांबले. बाहेर कोणीतरी ब्लोअरनं कापलेलं गवत उडवत होतं, तो आवाज थांबला तेव्हा मला कळलं की तो होता. मला बारा वर्षांची असताना लागायची तशी कडकडून भूक लागली होती.

घरी मी उज्ज्वलला सगळं एका दमात सांगितलं. माझा नवरा विद्यापीठात बॅटरीवर संशोधन करतो. त्याच्या आयुष्यात गंज हा खलनायक आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे ऑक्सिडेशन." मी म्हटलं, "म्हणजे हॅरिएट." "ते तू म्हणतेस. तुझी श्टाइनहोफ म्हणेल, दाखव. कापून दाखवणार का? कापलंस की पुरावाच गेला. मग कोणीही म्हणेल तू परवा कापून आत आकडा घासलास." हे मला सुचलं नव्हतं. मी चमचा खाली ठेवला. बाबा भाकरी कुस्करत होते. "जुलैत तुझा करार रिन्यू व्हायचाय," उज्ज्वल पुढे म्हणाला, "सही तिचीच आहे ना? आणि तू तिला सांगणार की बाई, तुमची नऊ वर्षं..." "हो." "गेनाऊ, अगदी तेच," उज्ज्वल म्हणाला, आणि उठून स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट उघडलं. मागच्या हिवाळ्यात सिंकचा पाइप तुंबला तेव्हा प्लंबरचे भाव ऐकून त्यानं एक कॅमेरा मागवला होता. काळी लवचीक वायर, टोकाला शेंगदाण्याएवढा डोळा, बाजूनं दिवे, चित्र फोनवर. "पुसून घे," म्हणाला, "मागच्या वेळी त्यात मोहरी अडकली होती." बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला इतकी रसिक भेट दिलेली नाही. बाबांनी भाकरी कुस्करणं थांबवलं. म्हणाले, "कोणती बाई आकडा घालून वाचे म्हणाली तू?" मी पुन्हा थोडक्यात सांगितलं. माझा आवाज उगाचच अधिकृत झाला. पेटीचा विषय आमच्या घरात कधी निघालेला नव्हता, आणि तो असा जर्मनीतून वळसा घालून निघावा अशी माझी इच्छा नव्हती. "हं," म्हणाले, आणि ताक मागितलं.

शुक्रवारी सकाळी फ्राउ श्टाइनहोफ कोट काढायच्या आत मी त्यांच्या टेबलावर तीन कादंबऱ्या आणि ती वायर ठेवली. त्या उंच, करड्या केसांच्या, कधीही मोठ्यानं न बोलणाऱ्या बाई आहेत. माझं आडनाव गजभिये त्या दर वेळी कडेला ठेवलेल्या काचेच्या भांड्यासारखं जपून उच्चारतात. "आल्झो, तर मग, फ्राउ गजभिये. हे काय आहे?" "पाइप तपासायचा कॅमेरा," मी म्हटलं. "आणि हे?" "ब्रान्डेसबाईंचं खासगी वाचन." बोलताना मला माझ्याच छातीचे ठोके फोनवर दिसतील असं वाटत होतं. मी वायर खालून आत सारली. पडद्यावर आधी कागदाची भिंत आली, गुहेसारखी, मग छापलेले शब्द उलटे-सुलटे, मग ती खूण. त्यांनी चष्मा लावला. पुढच्या पुस्तकातली पाहिली. तिसऱ्यातली पाहिली. मी शेवटाबद्दल सांगितलं, पावसाबद्दल, लग्नानंतरच्या कोऱ्या पानांबद्दल. इतक्या भराभर की जर्मनची क्रियापदं वाक्याच्या शेवटी पोचेनात, ती वाटेतच पडत गेली. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "हे दासीनं वाचलं असेल."

हे मला सुचलं नव्हतं. आदल्या दिवसापासून मला न सुचलेली ही दुसरी गोष्ट. दासीला इंग्रजी कुठून येणार, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, घरात इंग्रजी दाई होती, नोंद आहे. आकडा सगळ्याच बायका वापरत. पुस्तकांच्या दुकानातल्या मुलीनं पाहिलं असेल. नंतरच्या मालकांच्या मुलींनी. "फ्राउ गजभिये, तुमची निरीक्षणं सुंदर आहेत. पण वाचणारी कोण, ते गंज सांगत नाही." त्या हे क्रूरपणे म्हणाल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. घड्याळ माझ्या पाठीमागे होतं आणि व्यापारी दुपारी येणार होता, आणि संपूर्ण ब्राउनश्वाइगमध्ये त्या बाईच्या बाजूनं एक मी आणि एक मोहरीचा वास येणारी वायर, एवढेच उभे होतो. वायर अजून आत होती. हात हलला, डोळा थोडा पुढे सरकला आणि खूण पडदाभर झाली. फ्राउ श्टाइनहोफ फोनकडे बघत होत्या. मग त्या जास्तच बघायला लागल्या. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, जवळ धरला, लांब धरला. "ही टांग वाकडी आहे," म्हणाल्या. होती. एक टांग सरळ आणि दुसरीला मधोमध दोन लाटा. मी काल चाळीस पुस्तकांत ती पाहिली होती आणि मला वाटलं होतं गंजच तसा पसरतो. त्यांनी दुसऱ्या पुस्तकात पाहायला लावलं. दोन लाटा. तिसऱ्यात. दोन लाटा. फ्राउ श्टाइनहोफ उठल्या आणि चालू लागल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या टाचा या घरात वाजल्या असाव्यात. पलीकडच्या खोलीत काचेच्या कपाटाशी त्या थांबल्या. शेजारी बाबा त्यांच्या मुक्रर खुर्चीत होते, ते शिष्टाचारानं अर्धे उठले. कपाटात हॅरिएटबाईंची फणी, हातातला आरसा, अत्तराची कुपी आणि चांदीच्या ताटलीत पाच आकडे. बर्मिंगहॅमहून खास मागवलेले. जाड केसांतून घसरू नयेत म्हणून एका टांगेला दोन लाटा घातलेले. त्या माहितीची चिठ्ठी फ्राउ श्टाइनहोफ यांनी स्वतः लिहून तिथे लावलेली होती. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, हातमोजे न घालता एक आकडा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. टोकाला गंज होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे. माणसाची नऊ वर्षं अंगावरून उतरताना मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं होतं आवाज होईल. उलट त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. माझ्या काल झाल्या होत्या तशाच.

"चार वेळा?" त्यांनी विचारलं. "घोडागाडीचं पान?" "चार वेळा." "दाखवा."

आम्ही दोघी टेबलावर डोकी लावून, एक मान डावीकडे, एक उजवीकडे, दुपारपर्यंत त्या पानात होतो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं, कारण त्यांना हॅरिएटच्या नवऱ्याच्या प्रवासाच्या तारखा पाठ होत्या. मधेच त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बाई खोटं बोलली नाही," आणि थोड्या वेळानं, "मला नऊ वर्षं खरं सांगितलं आणि फसवलं." तक्रार म्हणून नाही; एखाद्या खेळाडूबद्दल बोलावं तशा. व्यापाऱ्याची बेल वाजली तेव्हा त्याच खाली गेल्या. वरून मला फक्त त्यांचा नेहमीचा हळू आवाज ऐकू आला, मग दार बंद झाल्याचा. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, की आता ही पुस्तकं कापायची नाहीत, कधीच नाहीत, न कापलेली आहेत म्हणूनच ती पुरावा आहेत. भिंतीवरचं वाक्य तसंच ठेवू. फक्त त्याखाली काचेत एक कादंबरी, फुगवलेली, आत आकडा. आणि लिहायचं कोणी, तर आपण दोघींनी, तुमचं नाव आधी. माझ्या दोरीच्या गाठी मी एकेक सोडवल्या. चांगल्या मारल्या होत्या, वेळ लागला.

संध्याकाळच्या ट्राममध्ये बाबा खिडकीशी, मी शेजारी. ऊन होतं, मे महिना, स्टॉपवर स्टॉपवर शतावरीचे स्टॉल. मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि सांगायला फक्त तेच होते, आणि त्यांनाच तर सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, ती पुस्तकं राहिली. विकली नाहीत." "दिसलं ना. ती उंच बाई पोरीसारखी पळत आली." ट्राम वळली, सगळे एका बाजूला झुकले, पुन्हा सरळ झाले. "नीले," बाबा म्हणाले, बाहेरच बघत, "आपल्या पेटीत एक हिरव्या पुठ्ठ्याची होती पाय. मामलेदाराच्या बायकोची. ते नदीवर जाते, पहाटे. किल्ल्यांचा जुडगा हातात. अन् पान संपते." मी त्यांच्याकडे पाहिलं. "वरतं काय होतं गं? मले त्या वरच्या ओळी कधी दिसल्याच नाही." मी एवढंच विचारलं, "तुम्ही... कशानं?" "कशानं म्हणजे? तुहा आकडा आतच राहिला होता ना एकदा. मी म्हटलं हे काय, तर काढाले गेलो, तर पान फुगलं. तर वाचलं थोडंसं." "किती?" "पेटीभर," बाबा म्हणाले. "पण दर वेळी आकडा जिथल्या तिथं ठेवे मी. तुले लागे म्हणून." मला आठवलं. तो हरवलेला आकडा मी पंधरा दिवस शोधत होते, आणि मग तो त्याच पुस्तकात, माझ्या पानाच्या पुढच्या पानात सापडला होता. मला वाटलं होतं मीच विसरले. ती पेटी केव्हाच वाळवीनं खाल्ली. त्या तीन ओळी आता जगात कुठेच नाहीत. मी म्हटलं, "ती किल्ल्या नदीत टाकते आणि पलीकडच्या होडीत बसून निघून जाते." बाबांनी खिडकीवरून मान वळवली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर स्पष्ट नापसंती. "ना बाप्पा. ते परत येते. किल्ल्या धुते अन् परत येते, नवऱ्याले जाब विचाराले." "परत कशाला येईल? पुढच्या प्रकरणात ती घरात नाहीच आहे." "माजघरात आहे ना, म्हणून दिसत नाही." "बाबा, होडीवाल्याचा उल्लेख आहे खाली." "तो मासे विकाले आला." आमचा आवाज चढला असावा, समोरची बाई कुत्र्याला जवळ घेऊन बसली. आमचा स्टॉप आला, दारं उघडली, मिटली, ट्राम पुढे निघाली, आणि आम्ही दोघंही बसूनच होतो. "अन् मले सांग," बाबा माझ्या गुडघ्यावर बोट आपटत म्हणाले, "किल्ल्या टाकते, होडीत बसते, निघून जाते, इतकं सारं तीन ओळीत मावन कसं?"